चेरीतालच्या शेडची रीत

चेरीतालातल्या त्या पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणायला कुणाची जीभ वळत नसे. कारखाने म्हणजे गावाबाहेरचे, सरकारी, ज्यांच्या भोंग्यावर सगळं जबलपूर उठायचं आणि जेवायला बसायचं. तिथं नोकरी असलेला मुलगा सांगून आला की मराठी घरांत मुलीच्या आईचे पाय जमिनीवर ठरत नसत. शेडमध्ये नुसत्या बायका होत्या आणि त्या फौजी शर्ट शिवत होत्या. यात काय एवढं कौतुक?

कौतुक नसेल तर नसो, पण त्या गल्लीच्या चुली पेटत होत्या त्या शेडवर. कोपऱ्यावरचा दोरेवाला, मशिनी दुरुस्त करणारा, गठ्ठे फौजेच्या डेपोत पोचवणारा शालिग्राम टांगेवाला, दुपारचा चहा विकणारी त्याची बायको, सगळे तिच्याच आधारानं उभे होते. जवळच्या पनागर गावच्या बायका सकाळी भाजीची पाटी विकून शेडवर यायच्या आणि रिकाम्या पाटीत काज-बटणाचं काम घालून घरी न्यायच्या. मोठ्या शहरातल्या शहाण्यांना वाटतं की असली गावं एखाद्या उंच चिमणीवर जगतात. चिमणी असते खरी, पण तिथं ज्याला नोकरी मिळाली त्याचं ठीक. ज्याला मिळाली नाही, जो तिथं असताना मेला, ज्याची बायको मागं राहिली, ती सगळी माणसं अशाच एखाद्या शेडच्या आडोशानं दिवस काढतात. आणि ती शेड बंद पडली तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

सुहासिनी ही मागं राहिलेल्यांपैकीच. नवरा मुरलीधर कारखान्यात फिटर होता, तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. नागपूरला भावाच्या दारात जाऊन बसण्यापेक्षा तिनं शेजारच्या दोघीतिघींना धरून शिवण सुरू केलं, डेपोच्या साहेबांकडं चपला झिजवल्या आणि शर्टांचं थोडं काम पदरात पाडून घेतलं. थोड्याचं पुढं बरंच झालं. धाकटी नणंद शरयू तिच्याजवळच राहायची. मशीनवर तिचा हात असा चालायचा की बघत राहावं. साहेबांनी सुहासिनीला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. लॉट पुरा हवा आणि वेळेवर हवा. एक जरी चुकला तर सगळं काम कानपूरच्या ठेकेदाराकडं जाईल, आणि तो टपूनच बसलाय. सुहासिनी तशी धीट बाई, पण या एका गोष्टीनं तिच्या तोंडचं पाणी पळायचं. शेड गेली तर या बायका कुठं जातील, हा विचार तिला भाकरी थापतानाही सोडत नसे.

शेडची एक रीत होती, आणि ती इंदिराबाईंनी घातलेली. इंदिराबाई सगळ्यांत वयस्क, बटणं लावायला बसायच्या आणि दिवसभर कुणाची ना कुणाची खोडी काढायच्या. नवं कापड हळदीचं बोट लावल्याशिवाय अंगावर घालू नये हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. कुणाचा तरी लेक ज्या कापडात गोळीसमोर उभा राहणार, ते कोरडं कसं पाठवायचं? सुरुवातीला त्या शर्टाच्या टोकालाच बोट लावायच्या. डेपोतून डाग म्हणून माल परत आला, सुहासिनी रडकुंडीला आली. मग इंदिराबाईंनी जागा बदलली. कॉलरच्या आत मापाची पांढरी पट्टी शिवतात, तिच्या उलट्या बाजूला त्या हळद लावू लागल्या. पट्टी दोन टोकांनाच शिवलेली असे. सुईनं उचलून पाहिल्याशिवाय ते बोट दिसायचं नाही, आणि डेपोतले साहेब काही सुई घेऊन फिरत नव्हते.

एकाहत्तर सालचा उन्हाळा होता तो. पूर्वेच्या सरहद्दीवरून निर्वासितांचे लोंढे येत होते, रेडिओवर दुसरं काही नसायचं, आणि लढाई होणार की नाही यावर पानाच्या ठेल्यांवर हमरीतुमरी चालायची. सरहद्दीवर चकमकी सुरूच होत्या. त्या सुमारास डेपोनं शेडला आणखी एक काम दिलं. फौजेतून कंडम होऊन आलेल्या शर्टांची बटणं काढायची आणि चिंध्या वेगळ्या करायच्या. शालिग्रामनं पोती आणून टाकली आणि नाकाला गमछा लावून निघून गेला. पोत्यांतून घाम, माती आणि औषधाचा वास यायचा. बायका पदर नाकाशी धरून बसल्या, पण बसल्या. काम ते काम.

इंदिराबाईंनी एक शर्ट उचलला, सवयीनं पट्टी उलटी केली, आणि चाललेली थट्टा तशीच सोडून तो मांडीवर पसरला.

"सुहास, इकडं ये न जरा."

पट्टीमागचं बोट लालभडक होतं. शर्टाच्या छातीला भोक होतं आणि भोकाभोवती कापड काळं, कडक झालेलं होतं.

"साबण लागला असंन," सुहासिनी म्हणाली. "हळदीला साबण लागला की लाल होते, हे का आता मी तुम्हाला सांगू?"

"मंग बाकीच्यांना काहून नाही लागला?"

बाकीचे शर्ट पाहिले. कोपरावर विरलेले, कॉलर फाटलेले, धुऊन धुऊन रंग गेलेले. त्यांच्या पट्टीमागं हळद पार निघून गेली होती, नुसता पांढरा कपडा. लाल बोट होतं ते फक्त भोक पडलेल्या शर्टांवर. एकाही भोकाच्या शर्टाची पट्टी पांढरी नव्हती आणि एकाही विरलेल्या शर्टाची लाल नव्हती. सुहासिनीनं मोठ्यानं पुन्हा साबणाचं नाव घेतलं आणि पोतं बांधायला लावलं. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही.

इथवर ठीक होतं. मेलेल्या माणसाच्या कपड्याला काय झालं, त्याला आता इलाज नाही. पण सप्टेंबरात नवा लॉट तयार झाला, इस्त्री होऊन घड्या पडल्या, आणि शरयूनं एका शर्टाची पट्टी वाकडी बसली म्हणून उसवली. मागचं बोट लाल होतं.

या शर्टाला पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं, साबणाची तर गोष्टच सोडा.

भरदुपार होती. सुहासिनीनं दार लावून घेतलं आणि सगळा लॉट उलटापालटा केला. सात शर्ट निघाले. तिनं पट्ट्या उसवून फेकल्या, नव्या कापल्या, स्वतःच्या घरून वाटलेली हळद आणली आणि स्वतःच्या हातानं बोट लावलं. सगळ्या बघत होत्या. पिवळं बोट कडेकडेनं तांबूस झालं, मग आत आत सरकत पुरतं लाल झालं. शेजारच्या शर्टावर तीच हळद पिवळीधम्मक राहिली. मशिनी बंद होत्या. एवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला, तर दोघीजणी किंचाळल्या.

"जाळून टाका वहिनी," शरयू म्हणाली.

"आणि मोजून दिलेल्या कापडाचं काय सांगू? चोरलं म्हणू? आठ दिवसांत कानपूरवाला येऊन बसंल इथं."

"मंग पाठवणार तुम्ही?"

सुहासिनीनं हातातला शर्ट खाली ठेवला. पाठवायचे तर सात जणांना जाणूनबुजून ते कापड घालायचं. नाही पाठवायचे तर या भिंतींच्या आत बसलेल्या सगळ्यांची पोटं. ती खाली बसली आणि तिला खरोखर रडू आलं. इतक्या बायकांसमोर ती मुरलीधर गेला तेव्हाही रडली नव्हती.

इंदिराबाई तिच्याजवळ सरकल्या. "नवी साडी आणली की तू काय करतेस गं?"

"शरयूला देते घडी मोडायला."

"हां. मंग?"

ही चाल आपल्याकडं घरोघर आहे. नवी साडी आपण आधी नेसायची नाही. जिच्यावर माया आहे अशा बहिणीला, मैत्रिणीला ती एकदा नेसायला द्यायची, तिनं घडी मोडायची, मग आपण वापरायची. सगळे ती हौस म्हणून करतात. इंदिराबाईंची आई मात्र म्हणायची, की कापड ज्याच्या अंगावर पहिल्यांदा चढतं त्याच्या नावाचं होऊन जातं, पुढं ते कुणी का घालेना.

"त्या पोरांची घडी मोडणारं कुणी नाही तिथं," इंदिराबाई म्हणाल्या. "आण इकडं. मी काय, पिकलं पान. माझ्या नावाचं झालं तर होऊ दे."

आणि त्यांनी नऊवारीवर तो हिरवा शर्ट चढवला, बटणं लावली, कंबरेवर हात ठेवून कवायतीसारखी पावलं टाकली. बायका हसून हसून लोळल्या. हसू ओसरल्यावर शरयूनं पुढं होऊन पट्टी उचलली. बोट पिवळं झालं होतं.

मग सुहासिनी उठली. तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं की ज्यांच्या घरी लहान पोरं आहेत त्यांनी मागं सरायचं, आणि ज्यांची लग्नं व्हायचीत त्यांनीही. शरयू काही बोलायला गेली, तर सुहासिनीनं तिच्याकडं असं पाहिलं की ती दोन पावलं मागं सरली. एक शर्ट सुहासिनीनं घातला. एक पनागरच्या ज्योतीनं. ज्योतीला अजून मूल नव्हतं. "फौजी बनून राहिली मी, देखो दीदी," असं म्हणत तिनं सलाम ठोकला. आणखी चौघी पुढं आल्या. सातही बोटं पिवळी झाली. शर्टांना पुन्हा इस्त्री झाली, शालिग्रामनं गठ्ठे नेले, लॉट पास झाला. साहेबांनी म्हणे शिवणाचं कौतुक केलं आणि पुढचं काम वाढवून दिलं. गल्लीत त्या दसऱ्याला सगळ्यांच्या घरी गोडधोड होतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी इंदिराबाई ओट्यावर बसून बटणं निवडत होत्या. "अगं बाई," एवढंच म्हणाल्या, डाव्या बरगडीखाली हात धरला आणि शेजारणीच्या खांद्यावर कलल्या. नेपियर टाऊनचा डॉक्टर आला, हृदय बंद पडलं म्हणाला. वय झालंच होतं. पण ज्यांनी त्यांना न्हाऊ घातलं त्यांत सुहासिनी होती. बरगडीखाली कातडीच्या आत रुपयाएवढा काळा डाग तिनं पाहिला. वर ओरखडासुद्धा नव्हता. तिनं त्यावर पटकन साडी ओढली.

मग कंडम शर्टांची पोती पुन्हा आली. एकातून एक शर्ट निघाला, चांगला नवाकोरा, फार तर महिनाभर वापरलेला. पट्टीमागं हळद होती, आणि ती इतक्या धुण्यातून गेली नव्हती, तशीच झळझळीत पिवळी. डाव्या बरगडीखाली भोक. सुहासिनीनं तो उजेडात धरला. भोकाची कड जळलेली होती, पाठीकडून गोळी बाहेर पडल्याचं दुसरं भोक होतं, आणि दोन्हीकडं रक्ताचा एक थेंब नव्हता. कापड जणू खुंटीवर टांगलेलं असताना फुटलं होतं.

ती कितीतरी वेळ ते कापड छातीशी धरून बसली. कुठं तरी एक पोरगा आपला शर्ट चाचपून पाहत असेल, मित्रांना भोक दाखवत असेल, घरी परतेल, आईला सांगेल. तिला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच वेळी इंदिराबाईंच्या बरगडीखालचा काळा डाग आठवला. हे तिनं शरयूला दाखवलं, आणखी कुणाला नाही.

ज्योतीचं लपवता आलं नाही. पनागरच्या मळ्यात मटार तोडताना तिचा उजवा हात खांद्यापासून लुळा पडला, तो उठलाच नाही. सासूनं शेडच्या दारात येऊन नको नको ते शिव्याशाप दिले. लकवा आहे, लकवा कुणालाही होतो, असं सुहासिनी समजावत राहिली. तिचं स्वतःचं डावं मनगट तेव्हा आठवडाभर बधिर होतं. सुईत दोरा ओवायला ती शरयूला हाक मारायची आणि डोळे कमी झाले म्हणायची. घडी मोडलेल्या बाकीच्या चौघींना काही झालेलं नव्हतं. त्यांतल्या दोघी कामावर यायच्या थांबल्या. ज्या आल्या त्या बोलता बोलता मधेच स्वतःच्या अंगाकडं बघायच्या.

नोव्हेंबरात साहेबांनी घाई लावली. कशाची घाई ते सांगितलं नाही. रेडिओवर अजून लढाईचा शब्द नव्हता, नेते शांततेच्या गोष्टी करत होते, खिडक्यांच्या काचांना काळा कागद लावायचा हुकूम मात्र आला होता. त्या अंधारलेल्या शेडमध्ये बल्बखाली सुहासिनीनं आणि शरयूनं लॉट तपासला. पहिल्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त लाल. दुसऱ्यात त्याहून जास्त. तिसरा गठ्ठा शरयूनं उघडलाच नाही.

"वहिनी, लढाई होणार," ती हळूच म्हणाली. "लय मोठी होणार."

सुहासिनीनं दार लावून एक शर्ट घातला. पट्टी पाहिली. लालच. दुसरा घातला, तिसरा घातला, घाईघाईनं, बटणं तुटेपर्यंत. एकही पिवळा होईना. तेव्हा तिला कळलं की एका अंगाला एकदाच. तिचं देऊन झालं होतं.

"मी घालते," असं म्हणून शरयूनं एक उचलला. सुहासिनीनं तो तिच्या हातातून असा हिसकला की शरयूच्या बोटाला ओरखडा आला. जुन्या बायकांना विचारायचं धाडस तिला झालं नाही, आणि त्यांनीही मान वर करून पाहिलं नाही. पाठवायचे नाहीत तर शेड बंद, या विचारापाशी तिचं डोकं पुन्हा पुन्हा येऊन थांबायचं. त्यात आता एक भर पडली होती. ती रिकामा, रक्त न लागलेला शर्ट हातात धरून बसली होती. वाचवता येतं हे तिला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात पनागर रस्त्यावरच्या दोन नव्या बायका कामाला लागल्या. पहिल्याच दिवशी सुहासिनीनं त्यांना शर्ट दिले. "आमच्या शेडची रीत आहे," ती म्हणाली. "नवी बाई आली की घडी मोडते." त्या बिचाऱ्या खूश झाल्या, एकमेकींना शर्ट घालून हसल्या, कॉलर नीट केली. बोटं पिवळी झाली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघी आल्या. शेडचं काम वाढलंय, गावोगाव निरोप जाऊ द्या, असं सुहासिनीनं शालिग्रामला सांगितलं होतं, आणि तो सज्जन माणूस टांगा हाकता हाकता प्रत्येक वस्तीत ते सांगत होता. लोक म्हणाले, बाई असावी तर अशी, गरिबाला काम देते.

शरयू हे सगळं पाहत होती. ती मशीनवर बसायची, पण तिचा पाय चालायचा नाही.

सकाळी दारात एक बाई उभी होती. तिशीची असेल, अंगावर धुतलेलं जुनं लुगडं, हातात कापडाचं बोचकं. कटनीकडून आली होती. बोचक्यातून तिनं शिवलेली दोन झबली आणि एक पोलकं काढून हातावर पसरलं. दाखवायलाच आणलं होतं तिनं ते, वाटभर जपून.

"घरी कोण कोण आहे?" सुहासिनीनं विचारलं.

"कोई नहीं दीदी. आदमी नहीं रहा. अकेली हूँ."

"आई-वडील?"

"नहीं."

"मूलबाळ?"

बाईनं मान हलवली. सुहासिनीच्या जिवावरचं ओझं उतरलं, इतकं की ती चक्क हसली आणि तिनं बाईचा हात हातात घेतला. "आजपासूनच बस. ये, आत ये."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. झबली पुन्हा बोचक्यात घालत ती घाईनं उंबरा ओलांडून आत गेली. मागं मशीनवरून शरयू उठली होती. ती सुहासिनीच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "तिचं शिवण पाहिलंच नाही तुम्ही."